लग्नाच्या वाटेवर उकळलेली मोटार

अप्पा, काल तुमच्या पणतूनं मला त्याच्या नव्या गाडीतून अकलूजला नेलं आणि मोहोळच्या पुढं मी त्याला गाडी थांबवायला लावली. मागच्या सीटवर शालीत गुंडाळून ठेवलेली म्हातारी अचानक "थांब" म्हणाली म्हणून पोरगं आधी घाबरलं. त्याला वाटलं, मलाच काहीतरी होतंय. मी म्हटलं, मला काही होत नाही, तुझ्या गाडीला होतंय. त्यानं समोरचा काटा दाखवला. "आजी, बघ की, मधोमध हाय. गाडी तापली तर हा वर चढतो." मी म्हटलं, काट्याला कळेल तेव्हा कळेल, मला कळलंय, तू बाजूला घे. घेतली बिचाऱ्यानं. बॉनेट उघडलं तर एका रबरी नळीला बारीक चीर गेलेली आणि तिच्यातून पाणी थेंबाथेंबानं तापलेल्या लोखंडावर पडून चर्र होत होतं. हल्ली पाण्यात कसलंसं हिरवं औषध घालतात, त्याचा गोडसर वास मला आधीच आला होता. अकलूज येईपर्यंत मी त्याला माझ्या लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि तो पोट धरून हसला. पण ती गोष्ट मी इतकी वर्षं जशी सांगते तशीच सांगितली, म्हणजे तिच्यातली एक जागा वगळून. ती जागा कुणाला सांगायची तर आधी तुम्हाला सांगायला हवी, आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर वही घेऊन बसले आहे.

तुमची मोटार म्हणजे मालकाची मोटार, सोलापूर ते अक्कलकोट सर्व्हिसची. पण आमच्या गल्लीत ती तुमचीच होती. त्याआधी तुम्ही टांगा हाकायचात. टांग्याचा घोडा म्हातारा झाला तेव्हा तुम्ही दुसरा घोडा न घेता मोटार शिकायला गेलात, आणि अख्खी गल्ली हसली. तुम्ही आपले घोड्याच्याच रीतीनं मोटार शिकलात. घोड्याशी कन्नडमध्ये बोलायचात म्हणून इंजिनाशीही कन्नडमध्येच. स्टँडवर माणसांशी मराठी, घरात आमच्याशी अर्धं हे अर्धं ते, आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं की चोख कन्नड. चढ संपला की "साकु, साकु" म्हणून तुम्ही तिला थोपटायचात, आता पुरे, दमलीस, अशा सुरात. अव्वा म्हणायची, "मला एकदा तरी पुरे म्हनलात का हो, दोन वेळच्या भाकरी थापताना?" तुम्ही म्हणायचात, "तू कुटं उकळतीस?" त्यावर अव्वा जे बोलायची त्यावरून ती चांगलीच उकळते हे आम्हाला कळायचं.

मला तुम्ही इंजिन शिकवलंत ते स्वयंपाकघरात, हे आता सांगून कुणाला खरं वाटत नाही. तुम्हाला मुलगा नव्हता, पण मला वाटतं असता तरी तुम्ही मलाच शिकवलं असतं, कारण ऐकून घेणारं माणूस तुम्हाला घरात दुसरं कुणी नव्हतं. चुलीवर आधण ठेवलेलं असायचं. तुम्ही मला डोळे मिटून बसवायचात. "आता सांग, किती तापलंय?" आधी भांडं गप्प असतं. मग तळाशी बारीक गुणगुण सुरू होते, मग ती वाढते, आणि उकळी फुटायच्या जरा आधी ते पुन्हा गप्प होतं. "हितं," तुम्ही बोट उचलून म्हणायचात, "हितं सावध व्हायचं. उकळल्यावर कुनालाबी कळतंय." अव्वा म्हणायची, पोरीला भात शिजवायला शिकवा, मोटार नको. तुम्ही म्हणायचात, दोन्ही एकच हाय की.

आणि तो बिडाचा तवा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. भाकरी झाल्यावर तवा लवकर निवावा म्हणून मी माठातलं तांब्याभर गार पाणी त्याच्यावर ओतलं. टण्ण आवाज झाला आणि तवा मधून चिरला. अव्वा उलथनं घेऊन धावली. तुम्ही जेवत होता, ते तसेच उष्ट्या हातानं उठलात, तवा उचलून उजेडात धरलात आणि तुमचा चेहरा असा फुलला, जसं काही मी पहिला नंबर आणला. "बगा! इंजिनबी बिडाचंच असतंय. तापलेल्या इंजिनात गार पानी घातलं की ह्येच व्हतंय!" दुसऱ्या दिवशी तो चिरका तवा तुम्ही मोटार स्टँडवर नेऊन टांगलात, नव्या ड्रायव्हरांना दाखवायला. अव्वाला नवीन तवा मिळायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत शेजारून तवा मागून आणताना ती रोज तुमच्या इंजिनाचा उद्धार करायची.

रोज पहाटे तुमच्यामागं मीही अंगणाबाहेर यायचे. आधी पाणी बघायचं, गाडी निवलेली असतानाच. फडक्यातून गाळून भरायचं. ते आडाचं पाणी तुम्ही चाखून बघायचात. मचूळ लागलं तर परत ओतायचात, कारण मचूळ पाण्यानं आत पापुद्रे धरतात, बंबाच्या आत धरतात तसे. मग पुढची जाळी. आपल्या सोलापुरात गिरण्यांची रुई हवेत उडायची आणि ती जाळीच्या भोकांत जाऊन बसायची. वर वाटेतले टोळ आणि माश्या. हे सगळं माझ्याकडं होतं, झाडूच्या हिरानं एकेक भोक साफ करायचं. "वारा आत गेला पायजे," तुम्ही म्हणायचात. "पानी इंजिनाला निववतंय, खरं पान्याला निववनारा वाराच." मग पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा. आणि वाटेत काय काय ओळखायचं ते तुम्ही पाठ करून घेतलं होतंत: गाडी नेहमीच्या चढाला जड ओढायला लागली, आतून ठकठक यायला लागली, तापलेल्या रंगाचा आणि रबराचा वास आला, की थांबायचं. वाफ दिसेपर्यंत वाट बघणारा ड्रायव्हर तुमच्या लेखी ड्रायव्हर नव्हताच. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे चाक हातात असताना तोंड बंद. बोलणाऱ्या ड्रायव्हरला ऐकू येत नाही, असं तुमचं म्हणणं. त्यामुळं तुमच्या शेजारी बसून अक्कलकोटला गेलेली माणसं सांगायची, एवढ्या वाटेत अप्पा दोनदा खाकरले, बस्स.

माझं लग्न ठरलं ते अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात, शेतकरी घरात. लग्न नवऱ्या मुलाच्या दारी, दुपारच्या मुहूर्तावर. माझ्या सासऱ्यांना मोटारीचा विश्वास नव्हता. सुपारी फुटली त्याच बैठकीत ते म्हणाले, "पावनं, आमी आदल्या दिवशी बैलगाड्या लावून देतो. मोटार वाटंत बसली तर मुहूर्त कोन बसवून ठेवनार?" तुम्ही ताडकन म्हणालात, "माजी मोटार आजवर उकळली न्हाय आनि उकळनार न्हाय. अक्षता पडायच्या आदी तासभर पोरगी मांडवात आनून उभी करतो. माजा शब्द हाय." सासरे म्हणाले, "शब्द हाय व्हय? मग ठरलं. खरं ह्यो मुहूर्त गेला तर म्होरं पावसाळा उलटंपर्यंत बघायचं न्हाय, ध्येनात ठेवा." मी दाराआडून ऐकत होते. मला पहिल्यांदा काळजी वाटली ती लग्नाची नाही, तुमच्या शब्दाची.

लग्नाच्या पहाटे तुम्ही मोटार धुऊन पुसून लख्ख केलीत आणि अंघोळीला गेलात. तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. आठवतात ना, त्या विणकरांच्या घरच्या, तेलुगू बोलणाऱ्या? माझ्या लग्नासाठी त्यांच्या नवऱ्यानं मागावर एक चादर विणली होती, आणि सुताच्या कांड्या सगळ्या त्यांनी भरल्या होत्या. लाल जमीन, काठाला पिवळे बुट्टे, आणि वीण इतकी घट्ट की तिच्यातून पाणीसुद्धा गळू नये. त्यांनी ती मला दिली नाही. त्यांनी ती मोटारीच्या तोंडावर बांधली, दोन्ही दिव्यांना गाठी मारून, अगदी पोळ्याच्या बैलाला झूल घालावी तशी. म्हणाल्या, "नवरीला दिष्टी लागते तशी गाडीलापन दिष्टी लागते, अम्मा. तोंड झाकलं पायजे." सगळ्या बायकांना ते इतकं पटलं की त्यांनी वरून झेंडूची माळही घातली. तुम्ही बाहेर आलात, चादर बघितलीत आणि तुमचा हात गाठीकडं गेला. मग तुम्ही अक्कांकडं बघितलंत. त्या हात जोडून, डोळे भरून, आपण बांधलेली चादर बघत उभ्या होत्या. तुमचा हात खाली आला. तुम्ही नुसती खालची कडा चार बोटं वर दुमडलीत आणि म्हणालात, "लई ब्येस दिसतीय, अक्का." गावाबाहेर पडल्यावर सोडू, असं तुम्ही मनात ठरवलं असणार. पण गावाबाहेर पडल्यावर तुम्हाला ती आठवलीच नाही.

वऱ्हाड म्हणजे काय विचारता, मोटारीत पंचवीस आणि टपावर रुखवत. मला तुमच्या अगदी मागं बसवलं होतं, बाशिंग बांधून, नवं इरकल लुगडं नेसवून. वैशाख होता. आठ वाजताच पत्रा तापला होता आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे आपल्या पाठीमागून. तुम्हीच सांगितलं होतंत, पाठीवरचा वारा माणसाला बरा, मोटारीला वाईट. पुढून वारा येत नसला की जाळी निवत नाही, आणि आज तर जाळीवर अक्कांची चादर.

आणि तुम्ही बोलायला लागलात. वळसंग मागं पडलं तेव्हा, मान न वळवता, पुढं बघत. आधी मला कळेना की कुणाशी बोलताय, कन्नड नव्हतं म्हणजे इंजिनाशी नाही. मग कळलं की माझ्याशी. "तू झालीस तवा मी स्टँडवर हुतो, टांगा घिऊन," तुम्ही म्हणालात. "मानूस सांगत आला, पोरगी झाली. समदे गप. त्यास्नी वाटलं, आता ह्यो तोंड पाडून बसनार. मी गेलो, शेरभर जिलबी आनली. समद्यास्नी वाटली. उरली ती घोड्याला चारली." मागं बायका गाणी म्हणत होत्या, मामा माणसं मोजत होता, मी पुढं वाकून तुमच्या पाठीला कान लावल्यासारखी ऐकत होते. "घोडं लई येळ तोंड हालवत ऱ्हायलं. त्याला गोड म्हाईत न्हवतं. मग घरला आलो. तुजी आजी दारात उभी, म्हनली, आत जाऊ नगा. मी गेलोच. तुला पयल्यांदा हातात घेतलं तवा..."

तिथंच मी ओरडले. "अप्पा, वास!"

तुमचं वाक्य तिथंच तुटलं. तुम्ही एकदाच श्वास ओढलात आणि गाडी कडेला घेतलीत. बंद केल्यावरही इंजिन उचक्या देत दोन-चार वेळा फिरलंच, इतकं ते तापलं होतं. मग पाण्याच्या टाकीच्या झाकणाशेजारून वाफेची बारीक शिट्टी सुरू झाली. तुम्ही उतरलात, चादर बघितलीत आणि कपाळावर हात मारून घेतलात. एकदाच. मग गाठी सोडल्यात, चादर झटकून चार घड्या केल्यात आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलीत. तुमचा चेहरा पांढरा पडला होता, तेवढा मी आधी किंवा नंतर कधी बघितला नाही.

मामा मात्र एका उडीत खाली आला. माझा हा मामा सूतगिरणीत होता, म्हणून यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. त्यानं लग्नासाठी कुणाचं तरी मनगटी घड्याळ मागून आणलं होतं आणि ते दर पाच मिनिटांनी मोठ्यानं वाचत होता. "दाजी, झाकन काढा, वाफ जाऊ द्या, पानी वता, चला! धा वाजून गेले!" आणि त्यानं झाकणाला हात घातलासुद्धा. तुम्ही त्याचं मनगट धरून असं मागं ओढलंत की घड्याळाचा पट्टा तुटला. "तोंड भाजून घेतोस व्हय? हात लावायचा न्हाय! उकळत्या टाकीचं झाकन उगडायचं नसतंय." मग तुम्ही सगळ्या वऱ्हाडाला खाली उतरवलंत. बॉनेटचे दोन्ही बाजूंचे पत्रे वर केलेत, आणि म्हणालात, गाडी फिरवायची, तोंड वाऱ्याकडं. पंचवीस माणसांनी ढकलून मोटार आडवी, मग उलटी केली. मीही उतरून ढकलली, बाशिंग सांभाळत. अव्वा ओरडली, "अगं, नवरी हाईस तू!" मी म्हटलं, नवरी आहे म्हणूनच ढकलतेय, लग्न माझंच चुकतंय. बायका इतक्या हसल्या की त्यांच्या बाजूनं गाडी ढकललीच जाईना. सोलापूरकडं तोंड करून मोटार उभी राहिली, आणि पश्चिमेचा वारा तिच्या मोकळ्या तोंडात शिरायला लागला.

आता पाणी. तुमच्या मोटारीच्या फळीवर घासलेटचे दोन रिकामे डबे कायम पाण्यानं भरलेले असायचे. कुणी तहानेनं मेला तरी तुम्ही त्यातलं देत नव्हतात. तुम्ही पहिला डबा उघडलात. आत बुंदीचे लाडू. दुसरा उघडलात. आत लाडू. तुम्ही अव्वाकडं वळलात. अव्वा म्हणाली, "लाडवाला डबे कमी पडत हुते. चांगले घासून घेतले की मी, राखेनं." सगळं वऱ्हाड तुमच्याकडं बघत होतं. आणि अप्पा, तुम्ही हसलात. आधी मिशीत, मग खांदे हलायला लागले, मग तुम्ही खालीच बसलात रस्त्यावर. "आता तिला लाडू चारू व्हय?" म्हणालात. मामानं सुचवलं, मठ्ठ्याचा हंडा आहे की, तो ओतू. तुम्ही म्हणालात, "मठ्ठा वतलास तर अक्कलकोटला जाऊन लोनी काढावं लागंल."

रानात थोड्या अंतरावर मोट चालली होती. तिथला शेतकरी आमचा गोंधळ बघून बैल सोडून आला. "वऱ्हाड कुटलं?" सोलापूरचं, मामा म्हणाला. "मग नवरी कुटं हाय?" मामानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी धुळीत, पदर खोचून, मांडीवरची चादर आता डोक्यावर घेऊन उभी होते. शेतकरी म्हणाला, "यव्वा! ही व्हय? मला वाटलं क्लीनर हाय." त्यानं दोन घागरी भरून दिल्या. आणि तुम्ही, मुहूर्त तोंडावर आलेला असताना, त्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलंत. गोडं निघालं, नशीब. मामा म्हणाला, आता तरी ओता! तुम्ही म्हणालात, "गार हाय." मामाचा जीव वर-खाली. "गार हाय म्हनजे? साडेधा झाले! लगीन चुकंल की!" तुम्ही सावकाश म्हणालात, "चुकलं तर म्होरल्या वर्षी व्हईल. इंजिन फुटलं तर आजबी न्हाय नि उद्याबी न्हाय. तवा आठवतोय का कुनाला?" तवा अव्वाला आठवत होता. ती शेतकऱ्याच्या बांधावरच्या तुरकाट्या घेऊन आली, तीन दगड मांडले आणि घागर चढवली. बायकांनी फुंकर घातली. अव्वा मधूनमधून बोट बुडवून बघत होती, पहिलटकरणीला न्हाऊ घालायचं पाणी काढावं इतक्या काळजीनं. शेतकऱ्यानं विचारलं, "आंगूळ कुनाला?" अव्वा म्हणाली, "आमच्या सवतीला."

अर्धा तास तुम्ही कुणाला गाडीला हात लावू दिला नाहीत. तो अर्धा तास मला अजून दिसतो. आम्ही सगळे बाभळीच्या विरळ सावलीत बसलेले, लाडू फुटलेले, शेतकऱ्याच्या पोरांना वाटलेले, आणि तुम्ही एकटे उन्हात मोटारीसमोर उभे, जाळीवर हाताचा पंजा धरून ऊब बघताय. ओठ हलत होते. तुमची मोटारीशी समजूत चालली होती. मग तुम्ही ओलं गोणपाट झाकणावर टाकलंत, थोडंसंच फिरवलंत, उरलेली वाफ जाऊ दिलीत, मग पूर्ण काढलंत. इंजिन सुरू केलंत आणि अव्वाच्या हातून कोमट पाण्याची बारीक धार धरायला लावलीत. "सावकाश. तेल सोडतीस तसं." अव्वानं धार अशी धरली की एक थेंब बाहेर सांडला नाही. इंजिनाची गुरगुर हळूहळू मऊ झाली. तुम्ही कान लावून ऐकलंत आणि माझ्याकडं बघून बोट उचललंत, स्वयंपाकघरात उचलायचात तसं.

आम्ही पोचलो तेव्हा माझे सासरे दोन बैलगाड्या जुंपून गावाबाहेर रस्त्यात उभे होते, आम्हाला शोधायला निघायच्या बेतात. तासभर आधीचा शब्द गेला होता. मांडवात लग्न लावणारे स्वामी अक्षता घेऊन ताटकळले होते आणि मुहूर्ताला घटका-दोन घटका उरल्या होत्या, तेवढ्याच. तुम्ही गाडीतून उतरून सरळ त्यांच्यासमोर गेलात. चादरीचं नाव नाही, लाडवांचं नाव नाही. म्हणालात, "उकळली. चूक माजी. म्होरून वारा जातोय का न्हाय ते बगायचं ऱ्हायलं माजं. गाडीला बोल लावू नका." सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बैल कदी उकळत न्हाय बगा, पावनं." तुम्ही म्हणालात, "न्हाय उकळत. बसतोय." त्यावर सासरे असे गदगदून हसले की सगळा ताण तिथंच गेला. मग तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "खरं ह्या पोरीनं वाचवली. इंजिन फुटायच्या आदी हिला वास आला, माज्याबी आदी. हिला सून करून घेताय, जपून ऱ्हावा, तुमच्या घरात आता काय करपायचं न्हाय." आणि मला वाजतगाजत मांडवात नेलं.

ते तुमचं वाक्य माझ्या आधी माझ्या सासरी पोचलं. पहिल्या दिवसापासून माझ्या नाकाला त्या घरात मान. दूध चुलीवर असलं की सासूबाई म्हणायच्या, तिला विचारा. गुऱ्हाळात काहिल तापली की सासरे मला बोलावून पाक कुठवर आला ते विचारायचे, आणि पुढं घरात तेलाचं इंजिन आलं तेव्हा ते चालवायला पुरुष होते, पण बंद कधी करायचं ते मी सांगायचे. तुम्ही स्टँडवर मरेपर्यंत ती गोष्ट सांगत राहिलात, माझ्या पोरीनं नाकानं इंजिन वाचवलं. शेजारच्या अक्कांना तर तुम्ही परत आल्याबरोबर सांगितलंत, तुमची चादर होती म्हणून दृष्ट लागली नाही, नाहीतर पोचलोच नसतो. त्या बिचाऱ्या पुढं गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या मोटारीवर चादर बांधायला धावायच्या आणि तुम्हाला प्रत्येक ड्रायव्हरला बाजूला घेऊन समजवावं लागायचं. मला हे अव्वानं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस हसत होते.

तर आता ती वगळलेली जागा, अप्पा. मी ओरडले तेव्हा मला वास आला नव्हता. वास मला फार आधी आला होता, तुमच्या गोष्टीत तुम्ही जिलबी आणायला गेलात तिथंच. आधी तापलेल्या रंगाचा, मग रबराचा, जसा तुम्ही शिकवला होतात तसाच, आणि गाडी जड ओढते आहे हेही मला पायाखालच्या फळीतून कळत होतं. मैलाचे दोन दगड मी जाताना बघितले आणि गप्प बसले. तुम्हाला तो वास आला नाही, कारण तुम्ही तुमचा नेम मोडून बोलत होता, आणि ते माझ्याशी बोलत होता. सोळा वर्षांत तुम्ही मला इंजिनाबद्दल सगळं सांगितलंत, माझ्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतंत. मला ठाऊक होतं, मी तो एक शब्द उच्चारला की तुम्ही थांबणार, आणि दुपारी मी दुसऱ्याच्या घरची होणार. मग आतून ठकठक सुरू झाली आणि माझा धीर सुटला. मला हातात घेतलंत तेव्हा काय, ते राहूनच गेलं. नंतर कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतंत की त्या वेळी पोरीचं लक्ष नाकाकडं नव्हतं, कानाकडं होतं.

हे पत्र वहीतच राहील, टाकायचं तरी कुठं. तुमच्या शब्दाला त्या दिवशी बट्टा लागला तो माझ्यामुळं, चादरीमुळं अर्धाच. तुमची शाबासकी मी जन्मभर फुकट खाल्ली, तिची लाज मला वाटायला हवी, आणि थोडी वाटतेही. पण खरं सांगू, अप्पा? ती ठकठक झाली नसती, तर मी आणखी दोन दगड गप्पच बसले असते.